धोका कायम, मुदत मात्र वाढत गेली

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील टिकटॉकचा व्यवहार जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाला. अमेरिकेची तंत्रज्ञान कंपनी ओरॅकल, गुंतवणूक संस्था सिल्व्हर लेक आणि अबुधाबीची गुंतवणूक कंपनी एमजीएक्स यांचा प्रत्येकी पंधरा टक्के वाटा असलेली नवी कंपनी उभी राहिली आणि मूळ चिनी मालक बाइटडान्सकडे वीस टक्क्यांहून किंचित कमी हिस्सा उरला, एवढ्या बातमीवर आपल्याकडे हा विषय मिटल्यासारखा झाला. अमेरिकी नागरिकांची खासगी माहिती चीन सरकारच्या हाती पडेल आणि त्यांना पडद्यावर काय दिसावे हे बीजिंगमध्ये ठरेल, असे सांगत साडेपाच वर्षे या ॲपवर बंदीची तलवार टांगलेली होती. या व्यवहाराने ते कारण खरोखर दूर झाले का, आणि झाले नसेल तर बंदी नेमकी कशासाठी होती, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

प्रथम मान्य करण्याजोगे ते मान्य केले पाहिजे. सुरक्षेची शंका कोणी हवेतून काढलेली नव्हती. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्यानुसार तेथील संस्था आणि नागरिक यांना सरकारच्या गुप्तवार्ता कामात सहकार्य करणे बंधनकारक आहे. आतल्या बातम्या बाहेर कोण फोडतो हे शोधण्यासाठी आपल्या काही कर्मचाऱ्यांनी पत्रकारांच्या खात्यांची माहिती उघडून पाहिली, अशी कबुली बाइटडान्सनेच डिसेंबर २०२२ मध्ये दिली होती. चीनने स्वतः फेसबुक आणि ट्विटर २००९ पासून बंद ठेवले आहेत, तेव्हा मुक्त अभिव्यक्तीच्या नावाने गळा काढण्याचा त्या सरकारला काही अधिकार नाही. परकीय मालकीवर मर्यादा घालणे हेही अमेरिकेत नवे नाही. रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या परवान्यांवर अशी मर्यादा १९३४ च्या कायद्यापासून आहे आणि तेथील दूरचित्रवाणी केंद्रे विकत घेता यावीत म्हणून रूपर्ट मरडॉक यांनी १९८५ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेतले होते. त्यामुळे शंका घेतली म्हणून मी कोणाला दोष देत नाही. ती कोणाला केव्हा आठवली आणि केव्हा सोयीस्करपणे विसरली गेली, एवढेच तपासतो आहे.

२०२० चा उन्हाळा घ्या. २० जून रोजी ओक्लाहोमातील टुल्सा येथे डोनाल्ड ट्रम्प यांची प्रचारसभा झाली. सुमारे १९ हजार आसनांच्या त्या सभागृहात अग्निशमन विभागाच्या मोजणीप्रमाणे जेमतेम ६ हजार २०० माणसे आली, आणि येण्याचा विचारही नसताना नावे नोंदवून आयोजकांना झुलवल्याची फुशारकी टिकटॉकवरच्या तरुण मंडळींनी मारली. या सभेमुळेच बंदी आली असे मी म्हणणार नाही. टिकटॉकच्या सुरक्षेची सरकारी चौकशी २०१९ पासूनच सुरू होती. पण जुलै महिन्यात ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने टिकटॉक तुमच्यावर हेरगिरी करत आहे अशा जाहिराती दिल्या, आणि गंमत म्हणजे त्या फेसबुकवर दिल्या. चौकशी चालू असलेला विषय निवडणुकीच्या जाहिरातीत येतो, तेव्हा चौकशीचा निकाल आधीच लागलेला असतो. ३१ जुलैला ट्रम्प यांनी विमानात पत्रकारांना सांगितले की आपण हे ॲप बंद करणार आहोत, आणि ६ ऑगस्टला आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांचा कायदा वापरून आदेश निघाला.

त्या दोन तारखांच्या मधली ३ ऑगस्ट ही तारीख मला सर्वांत बोलकी वाटते. टिकटॉक एखाद्या अमेरिकी कंपनीने विकत घ्यायला हरकत नाही, मात्र व्यवहार आपल्यामुळे शक्य होत असल्याने किमतीचा मोठा भाग सरकारी तिजोरीत आला पाहिजे, असे त्या दिवशी ट्रम्प म्हणाले. आपले म्हणणे पटवून देण्यासाठी त्यांनी घरमालक आणि भाडेकरू यांचा दाखला दिला आणि भाडेकरूने मोजायच्या ज्या रकमेचा उल्लेख केला तिला मराठीत नेमका शब्द आहे : पागडी. इमारत धोकादायक आहे असे जाहीर करणारा अधिकारीच नव्या भाडेकरूकडे पागडी मागू लागला, तर भिंतींना खरोखर तडे आहेत की नाहीत याची चर्चा मागे पडते आणि लोक त्याच्या हाताकडे पाहू लागतात. त्याच वर्षीच्या सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये दोन संघीय न्यायाधीशांनी सरकारला अडवले. आणीबाणीच्या त्या कायद्यात माहिती आणि वैचारिक साहित्याच्या देवाणघेवाणीला स्पष्ट सूट होती, आणि नेमक्या त्या सुटीकडे सरकारने काणाडोळा केला होता. पुढे जून २०२१ मध्ये जो बायडेन यांनी तो आदेश मागे घेतला.

एका माणसाचा लहरी स्वभाव म्हणून हे सोडून देता आले असते. पण २०२४ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून जे केले ते पाहिल्यावर तशी सोय राहत नाही. ११ फेब्रुवारी २०२४ रोजी बायडेन यांच्या प्रचारयंत्रणेने टिकटॉकवर खाते उघडले. सरकारी फोनवर हे ॲप ठेवण्यास मनाई करणाऱ्या तरतुदीवर याच बायडेन यांनी डिसेंबर २०२२ मध्ये सही केली होती आणि आता निवडणुकीच्या वर्षात त्यांना तेथील तरुण मतदार हवे होते. खाते उघडल्यानंतर अडीच महिन्यांनी, २४ एप्रिलला, त्यांनीच बाइटडान्सला टिकटॉक विकण्यास किंवा अमेरिकेतून बाहेर पडण्यास भाग पाडणाऱ्या कायद्यावर सही केली. खाते मात्र चालूच राहिले.

तो कायदा कसा संमत झाला हेही पाहण्यासारखे आहे. ७ मार्च रोजी प्रतिनिधीगृहाच्या समितीपुढे विधेयक आले, त्याच वेळी टिकटॉकने वापरकर्त्यांच्या पडद्यावर एक चौकट झळकवली. तिच्यात आपला पिनकोड टाकला की आपल्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाला थेट फोन लागत असे. कार्यालयांतले फोन दिवसभर खणखणत राहिले, आणि फोन करणाऱ्यांत शाळकरी मुलेही होती. मतदारांनी प्रतिनिधीला फोन करणे हा लोकशाहीतला अगदी साधा प्रकार. पण ॲप लोकांना कसे नाचवू शकते याचा हा पुरावाच आहे, असा अर्थ सभासदांनी लावला आणि समितीने ५० विरुद्ध ० मतांनी विधेयक पुढे पाठवले. (कंपनीने हा मूर्खपणा केला हे खरेच, आपल्यावरच्या आरोपाचे प्रात्यक्षिक आपणच करून दाखवायचे नसते.) आठवड्याच्या आत, १३ मार्चला, प्रतिनिधीगृहात ३५२ विरुद्ध ६५ असे मतदान झाले. पुढे सिनेटमध्ये ते रेंगाळण्याची चिन्हे दिसताच युक्रेन, इस्राएल आणि तैवान यांच्या मदतीच्या मोठ्या विधेयकाला ते जोडले गेले आणि ७९ विरुद्ध १८ मतांनी पार पडले. सतरा कोटी नागरिक वापरत असलेल्या माध्यमावर स्वतंत्र मतदान घेण्याची वेळ सिनेटवर आलीच नाही.

त्याच वर्षी ३१ जानेवारीला सिनेटच्या एका समितीपुढे झालेल्या साक्षीत सिनेटर टॉम कॉटन यांनी टिकटॉकचे प्रमुख शौ झी च्यू यांना चिनी नागरिकत्व आहे का, चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदत्व आहे का, असे पुन्हा पुन्हा विचारले, आणि आपण सिंगापूरचे आहोत हे उत्तर च्यू यांना पुन्हा पुन्हा द्यावे लागले. ती सुनावणी मुळात समाजमाध्यमांवरील मुलांच्या सुरक्षिततेसाठी भरवलेली होती आणि फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिचे मार्क झुकरबर्ग त्याच टेबलाशी बसले होते. माहितीच्या चोरीविषयी ज्याला खरोखर काही जाणून घ्यायचे आहे तो सर्व्हर कोठे आहेत, त्यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, बीजिंगच्या अभियंत्याला काय उघडता येते, हे विचारील. समोरच्याचा पासपोर्ट पुन्हा पुन्हा विचारणे हे कॅमेऱ्यासाठी असते.

सुरक्षेखेरीज आणखी एक कारण होते आणि ते लपूनही राहिले नाही. मे २०२४ मध्ये ॲरिझोनातील सेडोना येथे परराष्ट्रमंत्री अँटनी ब्लिंकन यांच्याशी जाहीर संवाद साधताना सिनेटर मिट रॉम्नी यांनी टिकटॉक बंद करण्याला एवढा प्रचंड पाठिंबा का मिळाला याचा खुलासा करताना सांगितले की इतर माध्यमांच्या तुलनेत तेथे पॅलेस्टिनी लोकांचे उल्लेख कितीतरी अधिक होत होते. रॉम्नी हे उथळ बोलणारे राजकारणी नव्हेत. इतर सगळे कायद्याची भाषा बोलत असताना त्यांनी सभागृहाच्या मनातली गोष्ट बोलून दाखवली, असे मला वाटते. सरकारला नको असलेला मजकूर तरुणांना अधिक दिसतो, हे बंदीचे कारण कोणत्याही कलमात लिहिता येत नाही. अमेरिकेच्या संविधानात तर मुळीच नाही. म्हणून ते माहितीच्या सुरक्षेच्या पोटात घालून पुढे न्यावे लागते.

१९६५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निर्णय येथे आठवतो. परदेशातून टपालाने येणारे साम्यवादी प्रचाराचे साहित्य टपाल खाते अडवून ठेवी आणि ते हवे असल्याचे प्राप्तकर्त्याने लेखी कळवले तरच त्याच्याकडे पोहोचवी. अमेरिकी लेखक कॉर्लिस लॅमाँट यांच्यासाठी आलेला पेकिंग रिव्ह्यू या चिनी साप्ताहिकाचा अंक असाच अडवला गेला होता. न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. तेव्हाही देश तोच होता, वैर तेच होते आणि छापखाना तर थेट चीन सरकारचा होता. तरीही नागरिकाने काय वाचावे हे टपाल खात्याने ठरवू नये, असे न्यायालयाला वाटले. १७ जानेवारी २०२५ रोजी टिकटॉकच्या प्रकरणात मात्र न्यायालयाने एकमताने कायदा उचलून धरला. निकालाचा आधार माहिती गोळा करण्याचा धोका हा आहे. मजकुराच्या छुप्या फेरफाराचे सरकारचे दुसरे कारण न्यायालयाने उचलून धरले नाही, आणि ते उचलले नाही हे योग्यच झाले, असे न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी वेगळे लिहिले. प्रतिपक्षाला न दाखवता सादर केलेला गोपनीय पुरावा न्यायालयाने विचारात घेतला नाही याबद्दलही त्यांनी समाधान नोंदवले. म्हणजे कायदा टिकला तो केवळ माहितीच्या सुरक्षेच्या कारणावर. हे नीट लक्षात ठेवावे लागते, कारण पुढच्या दोन दिवसांत त्याच कारणाचे काय झाले ते सगळ्या जगाने पाहिले.

१८ जानेवारीच्या रात्री अमेरिकेत ॲप उघडणाऱ्यांना व्हिडिओंऐवजी एक सूचना दिसू लागली. बंदीचा कायदा लागू झाला आहे, पण सुदैवाने ट्रम्प यांनी मार्ग काढण्याची तयारी दाखवली आहे, अशा आशयाची ती होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ॲप पुन्हा सुरू झाले आणि आता थेट ट्रम्प यांचे आभार मानणारी सूचना आली. त्यांचा शपथविधी अजून व्हायचा होता! सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने वैध ठरवलेला कायदा पदावर न बसलेल्या माणसाच्या शब्दावर बाजूला ठेवला गेला. २० जानेवारीच्या शपथविधीला च्यू उपस्थित होते आणि त्याच दिवशी अंमलबजावणी पंचाहत्तर दिवस पुढे ढकलणारा आदेश निघाला. नंतर एप्रिल, जून आणि सप्टेंबरमध्ये मुदतवाढ मिळत गेली. मूळ कायद्यात नव्वद दिवसांची एकच मुदतवाढ होती, आणि तीही विक्रीची प्रक्रिया ठोस पुढे गेली असल्याचे अध्यक्षांनी संसदेला कळवल्यावरच. ॲप पुरवत राहणाऱ्या कंपन्यांना दर वापरकर्त्यामागे पाच हजार डॉलरपर्यंत दंड होता. तो लावला जाणार नाही अशी हमी देणारी पत्रे अमेरिकेच्या तेव्हाच्या ॲटर्नी जनरल पॅम बाँडी यांनी ॲपल आणि गूगलला धाडली. ऑगस्ट २०२५ मध्ये तर व्हाइट हाउसनेच टिकटॉकवर खाते काढले.

आता साधा विचार करा. चीनच्या हेरगिरीचा धोका एवढा तातडीचा असेल की त्यापुढे सतरा कोटी लोकांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्यही मागे सारावे लागते, तर तोच धोका वर्षभर मुदतवाढीवर कसा ठेवता आला? आणि वर्षभर ठेवता येण्याइतका तो मवाळ असेल, तर संसदेला आणि न्यायालयाला कोणत्या घाईने कामाला लावले? यातले काहीतरी एकच खरे असू शकते.

ट्रम्प यांचे मन बदलले त्याला तपशील आहेत आणि ते उघड आहेत. मार्च २०२४ मध्ये त्यांनी सांगितले की टिकटॉक गेले तर फेसबुकचा धंदा दुप्पट होईल, आणि फेसबुक हे लोकांचे शत्रू आहे. त्याच सुमारास त्यांची जेफ यास यांच्याशी भेट झाली होती. यास हे रिपब्लिकन पक्षाचे मोठे देणगीदार आणि त्यांच्या सस्क्वेहाना कंपनीचा बाइटडान्समध्ये मोठा वाटा. भेटीत टिकटॉकचा विषय निघालाच नाही असे ट्रम्प म्हणाले. जूनमध्ये त्यांनी स्वतः तेथे खाते उघडले आणि निवडणूक जिंकल्यावर डिसेंबरमध्ये टिकटॉकविषयी आपल्या मनात जिव्हाळा असल्याचे सांगून त्याचा संबंध तरुण मतांशी जोडला. दुसऱ्या बाजूला मेटाही हात बांधून बसली नव्हती. टिकटॉकविरोधी जनमत तयार करण्यासाठी तिने रिपब्लिकन पक्षाच्या वर्तुळातील टार्गेटेड व्हिक्टरी या सल्लागार संस्थेला पैसे दिल्याचे २०२२ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टन पोस्टने उघड केले होते. ज्या ओरॅकलकडे आता अमेरिकी वापरकर्त्यांच्या माहितीची राखण आहे, तिचे सहसंस्थापक लॅरी एलिसन २०२० पासूनच ट्रम्प यांच्या निधी उभारणाऱ्यांत आहेत. यांपैकी कोणतीही एक गोष्ट सुटी घेतली तर तिच्यात बेकायदा काही नाही. सगळ्या शेजारी मांडल्या की मात्र राष्ट्रीय सुरक्षेपेक्षा एखाद्या लिलावाची वर्दळ दिसू लागते.

कायद्याची खरी परीक्षा विक्रीच्या अटींत होती. बाइटडान्स आणि अमेरिकी टिकटॉक यांच्यात कोणतेही कामकाजी नाते राहू नये, व्हिडिओ सुचवणाऱ्या अल्गोरिदमच्या बाबतीत तर मुळीच नको, असे कायद्यात लिहिलेले आहे. प्रत्यक्षात नव्या कंपनीने तो अल्गोरिदम बाइटडान्सकडून परवान्यावर घेतला असून अमेरिकी माहितीवर तो पुन्हा घडवला जाईल, असे सांगितले गेले. हे कायद्याच्या शब्दात बसते की नाही हे कोण ठरवणार? अध्यक्षच. विक्री ग्राह्य आहे असा निर्णय देण्याचा अधिकार संसदेने त्यांच्याच हाती ठेवला आहे. यातून झाले ते एवढेच की पूर्वी बीजिंगच्या दबावाची भीती होती, आता वॉशिंग्टनच्या मर्जीची आहे, आणि अमेरिकी नागरिकासाठी दुसरी भीती लहान नाही, कारण त्याच्यावर खटला भरण्याचा, त्याला अटक करण्याचा अधिकार बीजिंगला नाही, वॉशिंग्टनला आहे. नागरिकांची माहिती वाचवायचीच होती, तर सर्व कंपन्यांना, देशी आणि परदेशी, एकाच मापाने मोजणारा सर्वंकष माहिती संरक्षण कायदा करता आला असता. तो अमेरिकेत संघीय पातळीवर आजही नाही. माहिती विकणाऱ्या दलालांनी ती शत्रुराष्ट्रांना विकू नये असा एक छोटा कायदा त्याच एप्रिलमध्ये झाला खरा, पण देशातल्या देशात त्यांचा बाजार पूर्ववत चालू आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळे परके वाटू नये. गलवानमध्ये १५ जून २०२० रोजी आपले वीस जवान हुतात्मा झाले आणि त्यानंतर चौदा दिवसांनी, २९ जूनला, टिकटॉकसह ५९ ॲपवर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली बंदी आली. त्या दिवसांतला संताप मलाही ठाऊक आहे आणि चीनला काही प्रत्युत्तर द्यावे यात मला गैर दिसत नाही. पण प्रत्युत्तर हे प्रत्युत्तर म्हणून सांगावे. सरकारी निवेदनात कारण होते ते माहितीच्या सुरक्षेचे, आणि ते ज्या आदेशावर उभे होते तो आदेश मात्र लोकांसमोर आला नाही. याच कलमासाठी केलेल्या २००९ च्या नियमांतील नियम १६ प्रमाणे अशा कारवाईबाबत गोपनीयता पाळायची असते. अमेरिकेत निदान सर्वोच्च न्यायालयाचे निकालपत्र कोणालाही वाचता येते आणि वर लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी त्यामुळेच तपासता आल्या. आपल्याकडे ज्याचे खाते एका रात्रीत गेले, त्याला कोणत्या पुराव्यावर गेले हे विचारायची जागाही सापडत नाही. इन्स्टाग्रामचे रील्स मात्र बंदीनंतर दहा दिवसांच्या आत भारतात सुरू झाले.

म्हणून संपादक महोदय, आपणास एक विनंती आहे. एखाद्या सरकारने, मग ते आपले असो वा परक्याचे, एखादे परदेशी माध्यम बंद केल्याची बातमी छापताना सरकारी निवेदनाच्या शेजारी तीन गोष्टी द्याव्यात : आदेश कोणत्या कलमाखाली निघाला, तो पूर्ण वाचायला मिळतो की नाही, आणि बंदीच्या दुसऱ्या दिवसापासून त्या माध्यमाची जागा कोण घेणार आहे. आणि सहा महिन्यांनी त्याच बातमीकडे वार्ताहराला एकदा परत पाठवावे. धोका तेव्हाही तितकाच शिल्लक आहे का, हे त्याला विचारता येईल.

आपला,
एक नियमित वाचक